गोसेखुर्दच्या पाण्यात फिश फाइंडर: खुंट शोधायच्या नोंदी

आधी काम काय ते सांगतो. माझे मामाजी गोसेखुर्द धरणाच्या बुडीत भागात जाळी लावतात. वैनगंगा अडवली तेव्हा शेतं गेली, गावं गेली, पण झाडं सगळी गेली नाहीत. काही तोडली, त्यांचे खुंट राहिले. काही तशीच उभी आहेत, पाण्याखाली. संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे ओढायला जावं तर मधेच अडकतं, आणि ओढलं की फाटतं. दोरी, शिसं, तरंग धरून एक जाळं साडेतीन हजाराला पडतं. मागच्या हंगामात मामाजींची चार जाळी अशीच गेली. म्हणून मासे नव्हे, खुंट शोधायला फिश फाइंडर लावायचं ठरवलं. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून तळ, मासे पडद्यावर दाखवतं. माझं पवनीजवळ मोटार वायंडिंग आणि फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आवाजानं पाण्याखालचं शोधायच्या या तंत्राचा, म्हणजे सोनारचा, आधीचा अनुभव शून्य. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझे पैसे कुठे बुडाले ते कळावं म्हणून या नोंदी.

९ नोव्हेंबर २०२४

यंत्र आलं. मुंबईच्या मासेमारी बोटीवरून उतरवलेलं जुनं आहे, नागपूरच्या एका ओळखीतून ११,५०० ला मिळालं. दोन फ्रिक्वेन्सी, ५० आणि २०० किलोहर्ट्झ. ताकद ६०० वॅट. थोडे जास्त टाकले असते तर नवं छोटं यंत्रही मिळत होतं, पण तिथला विकणारा म्हणाला ते तीनशे वॅटचं आहे. मी मोटारी भरणारा माणूस. तीन एचपी दीड एचपीपेक्षा भारी, एवढंच डोक्यात. शिवाय याच्या पाटीवर पाचशे-सहाशे मीटरपर्यंत तळ दिसतो असं होतं. आमच्या जाळ्यांच्या जागी पाणी चार ते अकरा मीटर. मग काय, सगळं लख्ख दिसेल!

१० नोव्हेंबर

धरणावर न्यायच्या आधी आमच्या वाडीतल्या विहिरीत पाहिलं. विहीर पाच मीटर रुंद, पाणी आठ मीटर. ट्रान्सड्युसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत आलेला ऐकणारा भाग, दोरीनं मधोमध सोडला. ५० किलोहर्ट्झवर पडदाभर लाल-पिवळा चिखल, तळ कुठे सुरू होतो तेच कळेना. २०० लावल्यावर तळ आठ मीटरवर स्वच्छ आला. यंत्राची ५० वाली बाजू गेली असं समजून मी नागपूरला फोन करून भांडलो.

बाजू ठीकच होती. या ट्रान्सड्युसरचा ५० किलोहर्ट्झचा झोत ४५ अंशांचा आहे, २०० चा ११ अंशांचा. आठ मीटर खाली ४५ अंशांचा झोत साडेसहा मीटर पसरतो आणि विहीर पाचच मीटर रुंद. म्हणजे आवाज तळाआधी दगडी बांधकामाला धडकून परत येत होता. हे मला महिनाभरानं कळलं. विहिरीत चाचणी करू नका. करायचीच असेल तर मोठ्या तलावाच्या मधोमध करा.

१४ नोव्हेंबर

डोंग्यावर पहिला दिवस. मामाजींनी ट्रान्सड्युसर हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "हा तं बेंडूक हाय." तेव्हापासून त्याचं नाव बेंडूकच.

बोटीच्या आतून तळाला चिकटवलं तरी चालतं असं कुठंतरी वाचलं होतं. ते फायबरच्या बोटीचं. तेही फायबर भरीव असेल आणि चिकटवताना हवेचा बुडबुडा राहिला नसेल तरच. मामाजींचा डोंगा लाकडी. मी डोंग्यात प्लास्टिकचं अर्धं कापलेलं डबकं ठेवून, त्यात पाणी भरून बेंडूक बुडवला. पडद्यावर काही नाही. लाकडाच्या रंध्रांत हवा असते आणि हवेतून हा आवाज जात नाही. अर्धा दिवस गेला.

दुपारी एक इंची जीआय पाइपला बेंडूक बांधून तो डोंग्याच्या मागच्या बाजूला सोडला. आता दिसायला लागलं, पण वल्हं मारलं की पडदा फाटल्यासारखा व्हायचा. वल्ह्यानं होणारे बुडबुडे थेट बेंडकाखालून जात होते. पाइप पुढच्या तिसऱ्या भागात, वल्हं न लागणाऱ्या बाजूला आणला आणि बेंडूक पाण्यात वीतभर खोल ठेवला. फरक ताबडतोब.

१५ नोव्हेंबर

आज मूर्खपणा केला, तो लिहिलाच पाहिजे. बेंडकाची केबल दहा मीटर लांब, मोठ्या बोटीसाठीची. डोंग्यात तिची वेटोळी पायात यायची. मी तिला तीन मीटरवर कापलं आणि मोटारीच्या वायरसारखा पीळ देऊन, टेप मारून जोड दिला. संध्याकाळी तळ दिसेना. या केबलला आत जाळीचं कवच असतं. ते नीट जुळलं नाही तर बाहेरचा सगळा गोंगाट आत शिरतो, आणि परत येणारा सिग्नल मुळातच इतका बारीक असतो की गोंगाटात तो हरवतो. दुसऱ्या दिवशी डाग देऊन, कवच वेगळं जोडून, हीट श्रिंक ट्यूब चढवून सरळ केलं. खर्च ९० रुपये, पण दुकानाचा एक दिवस गेला. वेटोळं पायात येत असेल तर येऊ द्या, केबल कापू नका.

२१ नोव्हेंबर

बॅटरी. दुकानातल्या जुन्या यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची होती. क्लॅम्प मीटरवर यंत्र सव्वा अँपिअरच्या आसपास घेतं. सहाशे वॅट म्हणजे सहाशे वॅट सतत नव्हे. सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळाचा एक ठोका, मग शांतता, मग परत ठोका. म्हणून एवढ्याशा बॅटरीवर ते चालतं. तरी जुनी बॅटरी तीन तासांत बसली. बसता बसता पडद्यावरचा तळ फिकट होत गेला आणि मी बेंडकाला दोष देत राहिलो.

मग फवारणी पंपातली १२ व्होल्ट १२ अँपिअर-तासांची बॅटरी टाकली, नवी १,३५०. दुकानात तिचा चार्जर आहेच. गावात कुणाकडेही ही बॅटरी मिळते, हा मोठा फायदा.

मग नवीच कटकट सुरू झाली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत तुटक रेघा, पाऊस पडल्यासारख्या. दोन दिवस शोधलं. शेवटी सापडलं ते मोबाइल चार्ज करायचं कारवालं छोटं चार्जर. नकाशासाठी फोन लागतो म्हणून मीच त्याच बॅटरीवर लावलं होतं. काढलं, पाऊस थांबला. फोनला वेगळी पॉवर बँक.

२८ नोव्हेंबर

आज मामाजींचा यंत्रावरचा विश्वास उडाला. त्याचं कारण मीच.

माशाचं चित्र दाखवायची सोय यंत्रात आहे, ती मी हौसेनं चालू ठेवली होती. संवेदनशीलताही पूर्ण, ताकदही पूर्ण. जुन्या नाल्याच्या वळणावर, साडेपाच मीटर पाण्यात, पडदा माशांनी भरला. लहान, मोठे, एकावर एक. मामाजींनी दोन जाळी तिथंच लावली. सकाळी ओढली तर दोन किलो मासे आणि ढीगभर इकॉर्नियाची (जलपर्णीची) मुळं.

परत त्याच जागी गेलो. मामाजींनी लांब बांबू तळाला टेकवला आणि जरासा हलवला. वर बुडबुड्यांचा फेस आला आणि सडक्या पाल्याचा वास सुटला. त्याच क्षणी पडद्यावर आठ-दहा मासे उगवले. कुजणाऱ्या पाल्यातून गॅस उठतो आणि यंत्राला गॅसचा बुडबुडा माशासारखाच दिसतो. चूक यंत्राची नाही. माशाच्या अंगातून जो आवाज परत येतो तो बहुतेक त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो, मांसावरून थोडाच. यंत्राला हवा कळते, मासा नाही.

मामाजी म्हणाले, "भाचेबुवा, हे मसीन चिखल पाद्दे तेई मोजते."

माशांची चित्रं बंद केली, ती आजतागायत बंदच आहेत. संवेदनशीलता तळाची दुसरी, फिकट रेघ दुप्पट खोलीवर जेमतेम दिसेल इतकीच ठेवली. कडक तळावर ही दुसरी रेघ चटकन येते आणि गाळात येत नाही. म्हणजे तळ कसा आहे तेही फुकटात कळतं.

४ डिसेंबर

आता गोंधळ पुरे म्हणून नीट चाचणी केली. ज्या जागी तळ सपाट आणि आठ मीटरवर आहे हे बांबूनं आणि दोरीनं मोजून माहीत होतं, तिथं डोंगा दोन बाजूंनी बांधला. दोन वस्तू घेतल्या. पहिली, झाकण घट्ट लावलेली रिकामी पाण्याची बाटली, दगड बांधून पाच मीटरवर. दुसरी, आठवडाभर पाण्यात ठेवून जड केलेलं मनगटाएवढं बाभळीचं लाकूड, दोन फूट लांब, दगड बांधून तळावर खुंटासारखं उभं. खऱ्या खुंटाएवढंच.

बाटली दोन्ही फ्रिक्वेन्सींवर दिसली, अगदी ठळक. हवाच ती.

लाकडाचं काम वेगळं निघालं. २०० वर, लाकूड बरोबर बेंडकाखाली असताना तळाच्या रेषेतून एक बारीक सुळका वर दिसला. दोरीनं लाकूड हातभर बाजूला सरकवलं की गेला. ५० वर लाकूड खाली असो वा बाजूला, काहीच नाही. तळाची रेघ फक्त जाड. ताकद पूर्ण होती आणि तरीही हे असं. उलट ताकद वाढवली की रेघ आणखी जाड व्हायची आणि वरचा दीड मीटर पाण्याचा भाग तर पूर्ण लालच.

५ डिसेंबर

रात्री दुकानात वहीवर गणित मांडलं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. ५० किलोहर्ट्झची लाट त्यामुळे तीन सेंटिमीटर लांब, २०० ची साडेसात मिलिमीटर. लांब लाटेला बारीक फांदी जाणवत नाही, हे एक.

पण माझी खरी चूक झोताच्या रुंदीत होती. आठ मीटर खोलीवर ४५ अंशांच्या झोताच्या कडेचा तळ बेंडकापासून तिरका ८.६६ मीटर पडतो. मधला तळ आठ मीटरवर. यंत्राला दिशा कळत नाही, फक्त अंतर कळतं. म्हणजे झोतातला सगळा तळ आठ ते ८.६६ यांच्या मधे एकावर एक छापला जातो. कडेला उभा असलेला दोन फुटी खुंट त्या पट्ट्यातच गडप होतो, कारण त्याचं टोकही तिरकं मोजलं तर ८.१ मीटरवर येतं, म्हणजे मधल्या तळाच्याही खाली! ११ अंशांच्या झोतात हाच फरक फक्त चार सेंटिमीटर. म्हणून सुळका २०० वर दिसला आणि ५० वर दिसला नाही. वॅट कितीही ओता, हे गणित बदलत नाही.

यात माझी आणखी एक चूक मिसळली होती. रेंज, म्हणजे पडदा किती खोलीपर्यंत दाखवतो ते, ४० मीटरवर लावलेली. या यंत्रात रेंज वाढवली की ठोकाही लांबतो. तीन दशांश मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे बावीस सेंटिमीटरच्या आतल्या दोन वस्तू एकच दिसणार. रेंज १० वर आणली तेव्हा तळाची रेघ अर्धी बारीक झाली.

१२ डिसेंबर

ताकदीचा हिशेब संपवायचा म्हणून मेनूत ताकद सर्वांत खाली आणली. आठ मीटरवर तळ तसाच, सुळका तसाच. वरचा लाल पट्टा मात्र अर्ध्या मीटरवर आला. म्हणजे इतके दिवस जास्त वॅटनं मी वरचं पाणी आंधळं करत होतो.

एकट्या माशासारख्या लहान वस्तूचा आवाज जाताना पसरतो आणि परत येतानाही पसरतो, म्हणून दुप्पट खोलीसाठी सोळापट ताकद लागते. उलटं पाहिलं तर ताकद निम्मी केली तरी पोहोच जेमतेम सहाव्या हिश्शानं कमी होते. समुद्रात शेकडो मीटरवर, जिथं खारं पाणी २०० किलोहर्ट्झचा आवाज भराभर पिऊन टाकतं, तिथं वॅट आणि ५० किलोहर्ट्झ दोन्ही लागतात. आमचं पाणी गोडं आणि उथळ. मी ट्रॅक्टर आणून परसातली मेथी नांगरत होतो.

२२ डिसेंबर

जुनं यंत्र ८,००० ला विकलं, साडेतीन हजारांचा फटका. नवं छोटं घेतलं, १६,८००. यात २०० किलोहर्ट्झचा साधा झोत आणि खालचं चित्र दाखवणारे ४५५ व ८०० किलोहर्ट्झ. खोक्यावर मोठ्या अक्षरात '२४०० वॅट'. म्हणजे जुन्याच्या चौपट? नाही. हा आकडा पीक टू पीकचा, म्हणजे लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत धरलेला. तो आरएमएसच्या, म्हणजे सरासरी ताकदीच्या, आठपट असतो. २,४०० भागिले आठ, तीनशे. म्हणजे जुन्याच्या निम्मं, आणि नोव्हेंबरात मी 'कमजोर' म्हणून नाकारलं ते हेच. दोन यंत्रांची तुलना करताना आकडा कोणता लिहिलाय ते पाहा, खोकी पाहू नका.

२९ डिसेंबर

पहिल्याच फेरीत ४५५ वर झाड दिसलं. ठिपका नाही, सुळका नाही. बुंधा, त्यातून फुटलेल्या दोन फांद्या आणि एका फांदीवर लोंबणारं काहीतरी. मामाजी खाली वाकून बघत राहिले. मग बोट टेकवून म्हणाले, "हे मायं जारं." मागच्या वर्षी गेलेलं.

४५५ किलोहर्ट्झचा झोत पंख्यासारखा असतो, डोंग्याच्या लांबीत एकदम पातळ आणि दोन्ही बाजूंना रुंद. पातळ असल्यामुळे एकेक काप घेतल्यासारखं चित्र तयार होतं. त्यामुळे दोन गोष्टी पाळाव्या लागतात. डोंगा चालता हवा, कारण थांबला की त्याच कापाची रेघ लांबत जाते आणि चित्र बनत नाही. आणि बेंडूक बरोबर डोंग्याच्या दिशेत हवा. माझा आधी पंधरा-वीस अंश वाकडा बसला होता, सगळी झाडं फुगीर दिसली. पाइपवर पांढऱ्या रंगाची खूण मारली.

बाजूला रुंद असल्यामुळे खुंट डावीकडे की उजवीकडे ते हे चित्र सांगत नाही. म्हणून आधी ४५५ वर ओळीनं फेऱ्या मारतो, झाड दिसलं की वळून २०० च्या अरुंद झोतानं बरोबर डोक्यावर येतो, मग फोनवर खूण. ८०० वर फांद्या आणखी बारीक दिसतात, पण आंभोऱ्याकडून, जिथं कन्हान वैनगंगेला मिळते, तिकडून येणारं पाणी गढूळ आणि हिरवं असतं, त्यात ८०० चं चित्र धुरकट होतं. आम्ही ४५५ वरच राहिलो.

कतला मात्र या यंत्रात फार सापडणार नाही. ती वरच्या थरात चरते आणि वरचा हात-दोन हात पाणी कुठलंही यंत्र नीट दाखवत नाही, त्यात डोंग्याची चाहूल लागली की ती बाजूला सरते. रोहू मधल्या पाण्यात थोडी दिसते. मृगल तळाला चिकटून, तळाच्या रेघेत मिसळलेली. मामाजींना याचं काही वाटलं नाही. "मासरी कोठी हाय ते मले मालूम हाय. खुंट मालूम नोयते."

१९ जानेवारी २०२५

खुणा ४१ झाल्या. फोनचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून जाळं खुणेपासून पंधरा मीटर लांब लावतो. तीन आठवड्यांत एकच जाळं अडकलं, तेही खुणा न केलेल्या भागात, मामाजींच्या हट्टानं. (ते म्हणतील माझ्या हट्टानं.) शेजारच्या दोन डोंगेवाल्यांनीही खुणा फोनवर घेतल्या. त्यांतला एक पैसे देऊ लागला. मामाजींनी त्याच्याकडून मोबदल्यात दोन फाटकी जाळी सांधून घेतली.

आतापर्यंतचा खर्च: जुन्या यंत्रात तोटा ३,५००, नवं १६,८००, बॅटरी १,३५०, पाइप-क्लॅम्प-नटबोल्ट ६२०, केबलचा जोड ९०, नागपूरच्या दोन फेऱ्या ७००. एकूण २३,०६०. थेट नवं घेतलं असतं तर चार हजार आणि सहा आठवडे वाचले असते.

११ फेब्रुवारी

कालव्यांना पाणी सोडल्यापासून पातळी उतरते आहे. आज खूण क्रमांक १७ पाण्याबाहेर आली. यंत्रावर मी 'दोन खुंट, जवळजवळ' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात एकच चिंच, दुबेळक्याची. मामाजींनी डोंगा तिला लावला, काळ्या पडलेल्या सालीवर नख मारून पाहिलं आणि म्हणाले, ही अमक्याच्या खळ्यावरची, हिच्याखाली आम्ही बैल बांधत होतो. मग त्यांनी हात करून दाखवलं, विहीर इकडं, चावडी तिकडं, आणि त्या दिशेनं तीन-चार खुणा कुठे निघतील तेही सांगितलं. मी ४५५ लावून त्या रेषेनं डोंगा नेला. विहिरीची गोल जगत सापडली, साडेतीन मीटरवर. खूण क्रमांक ४२.

उद्या चावडीकडची बाजू. बेंडकाच्या क्लॅम्पचा रबर घुशीनं कुरतडलाय, तो सकाळी बदलायचा आहे.